तीन आठवडे आवाज बसलाय? नुसत्या बॅटरीवर भागवू नका

"घसा दाखवलाय की बाई. बॅटरी मारून बघितलं डॉक्टरांनी, काही नाही म्हणाले."

हे वाक्य माझ्या ओपीडीत इतक्यांदा ऐकू येतं, की आता मी आधी कागदावर एक चित्रच काढून दाखवते. तोंड उघडून, जीभ दाबून बॅटरी मारली की काय दिसतं? टॉन्सिल, पडजीभ आणि घशाची मागची भिंत. बस. आवाज जिथून निघतो ते स्वरयंत्र बरंच खाली, जिभेच्या मुळाच्या आडोशाला असतं. त्याच्या मागे अन्ननलिका सुरू होते आणि दोन्ही बाजूंना दोन खोलगट कप्पे असतात. यातलं काहीही बॅटरीने दिसत नाही. घशाचे जे कॅन्सर उशिरा सापडतात, ते बहुतेक याच झाकल्या जागांमधले.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. माझे पेशंट म्हणजे शेतकरी, ऊसतोडीला जाणारी माणसं, शिक्षक, एसटीचे वाहक, भजनी मंडळी, बिडी ओढणारे आजोबा आणि मिश्री लावणाऱ्या आज्या. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. आवाज रोज थोडाथोडा बदलत गेला की ज्याचा त्याला कळत नाही. पुण्याहून दोन महिन्यांनी आलेल्या लेकीला फोनवर "हॅलो" ऐकल्याबरोबर कळतो.

आधी दिवस मोजा

सर्दीने, ओरडून, रात्रभर जागरण-गोंधळात गाऊन किंवा डीजेपुढे गप्पा मारून बसलेला आवाज साधारण आठ-दहा दिवसांत सुटतो. फार तर दोन आठवडे. तीन आठवडे उलटले आणि आवाज अजून घोगरा असेल, तर स्वरयंत्र प्रत्यक्ष बघितलंच पाहिजे. चाळिशी ओलांडलेली असेल आणि तंबाखू, बिडी, गुटखा, दारू यातलं काही सोबतीला असेल, तर तीन आठवड्यांच्या वर एक दिवसही थांबू नका. व्यसन नसलेल्यांनी आणि तरुणांनीही हाच हिशेब धरावा. त्यांच्यात बहुतेक वेळा दुसरंच काही निघतं, पण तेही बघितल्याशिवाय कळत नाही.

"कधीपासून?" असं विचारलं की उत्तर येतं, "झाले की थोडे दिवस." म्हणून मी सणावारांवरून विचारते. पोळ्याला बैलांना हाक मारली तेव्हा आवाज नीट होता का? गणपतीत आरती म्हटली का, की नुसत्या टाळ्या वाजवल्या? मग शेजारी बसलेली बायको हळूच सांगते, "नाही हो, पंचमीपासूनच असं बोलतेत." तीन आठवडे म्हणून आलेलं दुखणं अडीच महिन्यांचं निघतं. घरच्या घरी करायची आणखी एक सोपी गोष्ट आहे. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्यांचा जुना व्हॉइस मेसेज असेल तर तो शोधा, लावा, आणि आजचा आवाज ऐका. फरक असेल तर वाद मिटतो. मेसेज पाठवलेल्या तारखेवरून निदान तेव्हा आवाज ठीक होता एवढं तर पक्कं कळतं. तो फोन डॉक्टरकडे येताना घेऊन या, आम्हाला खरोखर उपयोग होतो.

शिक्षक, कीर्तनकार, भाजी विकणारे यांच्या स्वरतंतूंवर अतिवापराने छोट्या गाठी येतात. त्यांचा आवाज सकाळी बरा असतो, संध्याकाळी बसतो, सुट्टीत सुधारतो, शाळा सुरू झाली की पुन्हा जातो. कॅन्सरमधला घोगरेपणा सहसा असा मागेपुढे होत नाही. तो एकाच दिशेने जातो, आठवड्यागणिक जास्त खरखरीत होत. हा फरक घरी अंदाज बांधण्यापुरता ठीक आहे, निदान करायला नाही. बिडी ओढणाऱ्या कीर्तनकाराला दोन्ही होऊ शकतं.

इथे एका गोष्टीपासून सावध राहा. आवाज बसला की गावात दोन इंजेक्शनं मिळतात आणि त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्याने सूज उतरते, चार दिवस आवाज मोकळा होतो, पेशंट खूश. मग परत बसतो, परत इंजेक्शन. गाठीभोवतीची सूज उतरते, गाठ जागच्या जागी वाढत राहते. इंजेक्शनाने सुटून पुन्हा बसलेला आवाज हा नवा आजार धरू नका, पहिल्या दिवसापासूनच मोजा. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध याला माझा विरोध नाही. त्या तीन आठवड्यांत खुशाल घ्या.

आवाजावर मी एवढा जोर का देते, तर कॅन्सर नेमका स्वरतंतूवर सुरू झाला तर तो अगदी लहान असतानाच आवाज बिघडवतो. तांदळाच्या दाण्याएवढी जाडी आली तरी तंतू नीट मिटत नाहीत. शिवाय तंतूंमध्ये लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, अगदी कमी असल्यामुळे तो मानेतल्या गाठींमध्ये उशिरा पोचतो. या अवस्थेत सापडला तर दहापैकी साधारण नऊ जण बरे होतात, नुसत्या रेडिएशनने किंवा लेझरने, आणि स्वतःचा आवाजही राखतात. तेच दुखणं स्वरतंतूच्या वर किंवा बाजूच्या कप्प्यात सुरू झालं, तर आवाज सुरुवातीला ठणठणीत असतो. तिथे दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात.

घोगरा नाही पण बारीक, वारा निसटल्यासारखा आवाज, आणि पाणी पिताना ठसका, अशी जोडी असेल तर एक स्वरतंतू हलायचा थांबला असण्याची शक्यता असते. डाव्या तंतूची नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. त्यामुळे फुप्फुसातल्या किंवा छातीतल्या गाठीनेही आवाज जातो. थायरॉइडच्या गाठीनेही जातो. आवाजाची तक्रार घेऊन आलेल्याला मी छातीचा एक्स-रे सांगितला की "घसा दुखतोय आणि छातीचा फोटो कशाला" असं तोंड होतं, म्हणून हे सांगून ठेवते. आपल्याकडे स्वरयंत्राचा टीबीही होतो, त्यासाठीही तो फोटो लागतोच.

ताटाकडे लक्ष ठेवा

ज्वारीची भाकरी हे आमच्या भागातलं सगळ्यात भरवशाचं मोजमाप. गिळायला त्रास होऊ लागला की माणूस तक्रार करत नाही, तो जेवण बदलतो. आधी भाकरीचा कोरडा तुकडा सुटतो आणि आमटीत बुडवून खाणं सुरू होतं. मग काला, मग दूध-भाकरी कुस्करून, मग नुसता मऊ भात, मग पेज. प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. पंगतीत सगळे उठले तरी यांचं चाललेलं असतं. विचारलं तर म्हणतात, "दात राहिले नाहीत आता." दातांचं कारण खरंही असेल, पण आधी घट्ट पदार्थ अडकणं आणि नंतर पातळही अडकणं हा क्रम दिसला आणि त्यात धोतर-पँट सैल होऊ लागली, तर वाट बघू नका.

दुसरी खूण म्हणजे एकाच बाजूला, एकाच जागी, गिळताना काटा टोचल्यासारखं दुखणं. पेशंट बोट ठेवून जागा दाखवतो. "मासा खाल्ला होता, काटा राहिला असंल" असं म्हणत महिना काढलेला असतो. काटा राहिला असता तर महिनाभर असा शांत बसला नसता. दोन-तीन आठवडे टिकलेलं एका बाजूचं दुखणं दाखवायलाच हवं.

बायकांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्या स्वतःहून येत नाहीत. स्वरयंत्राच्या अगदी मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारा एक कॅन्सर बायकांमध्ये दिसतो, आणि बिडी-दारूचा स्पर्शही नसलेल्या बायकांमध्ये दिसतो. त्यामागे कित्येकदा वर्षानुवर्षांचं पंडुरोगाचं दुखणं असतं, म्हणजे रक्तातलं लोह कमी. चेहरा पांढुरका, ओठांचे कोपरे चिरलेले, जीभ गुळगुळीत, नखं चमच्यासारखी खोलगट, आणि "मला पहिल्यापासूनच घास हळू उतरतो" हे वाक्य. लोहाच्या कमतरतेमुळे अन्ननलिकेच्या सुरुवातीला पातळ पडदा येतो. या दुखण्याला प्लमर-व्हिन्सन सिंड्रोम म्हणतात. तेवढ्यावर असताना लोहाच्या गोळ्या आणि गरज पडली तर पडदा ताणून मोकळा करणं, एवढ्यावर भागतं. दुर्लक्ष केलं तर पुढे काहींना त्याच जागी कॅन्सर होतो. म्हणून ज्या बाईचं हिमोग्लोबिन सतत सात-आठवर आहे आणि जिला भाकरी उतरत नाही, तिला "अशक्तपणा आहे" म्हणून टॉनिकवर ठेवू नका.

गिळायला त्रास म्हटलं की लोक थेट पोटाची इंडोस्कोपी करून घेतात. ती चांगली तपासणी आहे, पण ती दुर्बीण घशाचा वरचा भाग पटकन ओलांडून अन्ननलिकेत जाते. स्वरयंत्राच्या बाजूच्या कप्प्यातली लहान गाठ तिच्यातून निसटू शकते. "इंडोस्कोपी नॉर्मल" असा कागद असूनही त्रास तसाच असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून वरचा भाग वेगळा बघून घ्या.

कान दुखतोय आणि कान चांगला आहे

या खुणेला सगळ्यात जास्त माणसं फसतात. एकाच कानात आतून ठणका, गिळताना जास्त. कानात थेंब घातले, मळ काढला, तरी फरक नाही. डॉक्टर बघतात तर पडदा मोत्यासारखा स्वच्छ. कारण असं की घशाला आणि कानाला संवेदना पुरवणाऱ्या नसा सामाईक आहेत, मेंदूतून निघणारी नववी आणि दहावी. जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये किंवा त्या कप्प्यांमध्ये जखम असेल तर मेंदूला दुखणं कानातून आल्यासारखं वाटतं. दाढ किडल्यानेही असं होतं, जबड्याच्या सांध्यानेही होतं. पण दाढ ठीक, कान ठीक, आणि तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एक कान तीन आठवडे दुखतोय, तर घशात दुर्बीण घातल्याशिवाय उठू नका.

याच्या उलट, कान दुखत नाही पण एकाच कानाला दडा बसलाय, ऐकू कमी येतंय, आणि त्याच बाजूचं नाक चोंदलंय किंवा नाकातून रक्ताचे ठिपके येतात, तर नाकाच्या मागची जागा बघावी लागते. तिथला कॅन्सर आपल्याकडे कमी, नागालँड-मणिपूरकडे जास्त. तरी मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साठलं तर आम्ही ती जागा बघतोच.

मानेतली गाठ

गाठ दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. खरं तर उलट आहे. दाढ सुजून आलेली गाठ दुखते आणि जाते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखत नाही, कडक लागते, हळूहळू मोठी होते, आणि नंतर जागची हलत नाही. जागा बहुधा जबड्याच्या कोनाखाली, मान वळवल्यावर जो स्नायू उठून दिसतो त्याच्या आसपास. दाढी करताना पुरुषांच्या हाताला लागते. बायकांच्या पोत-मंगळसूत्राच्या वर, पदराखाली कधी कधी महिनोन्‌महिने राहते. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी बोटांच्या पोटाने दोन्ही बाजू कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत चाचपून बघायला एक मिनिट लागतं. एका बाजूला जे लागतं ते दुसऱ्या बाजूला लागत नाही, एवढंच बघायचं.

मानेत गाठ म्हणजे टीबी, असं आपल्याकडे मनात बसलंय, आणि टीबी खरोखर खूप आहेही. पण सुई तपासणी न करता नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू करून सहा महिने घालवणं परवडत नाही. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढतात, त्याला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शन घेतल्याएवढंच दुखतं. मात्र मोठ्या माणसाची गाठ कुणी थेट कापून काढतो म्हणालं, तर आधी विचारा, "घसा दुर्बिणीने बघितला का?" मूळ घशात असेल तर गाठ आधी उघडल्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

आता "सुई लावली की कॅन्सर भडकतो, चाकू लागला की पसरतो" याबद्दल. मी हे वाक्य डॉक्टरांच्या घरातल्या माणसांकडूनही ऐकलंय. घशाच्या तुकडा-तपासणीने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो तपासणी टाळण्यात गेलेल्या महिन्यांत. ज्यांचा "चाकू लागल्यावर" लवकर शेवट झाला असं सांगतात, ते बहुतेक जण चौथ्या स्टेजला चाकूपर्यंत पोचलेले असतात.

हे दिसलं तर आजच निघा

श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा करवतीसारखा आवाज, झोपल्यावर दम कोंडणं, थुंकीतून ताजं लाल रक्त, स्वतःची लाळही न गिळता येणं. यात तीन आठवडे नाहीत, सोमवारची ओपीडी नाही. ज्या हॉस्पिटलात गळ्याला छिद्र करून श्वासमार्ग मोकळा करता येतो, तिथे लगेच. १०८ ला फोन करताना "श्वास अडकतोय" हे शब्द आधी सांगा.

आणि हे बहुधा कॅन्सर नाही

घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, पण जेवताना वाटत नाही, घास सुरळीत उतरतो, नुसतं थुंकी गिळताना जाणवतं, कधी असतं कधी नसतं. असे पेशंट माझ्याकडे पुष्कळ येतात, विशेषतः नात्यात कुणाला कॅन्सर झाल्यावर. हे बहुतेक वेळा आम्लपित्ताने किंवा काळजीने होतं. दोन्ही बाजूंना खवखव, वारंवार खाकरणं, सकाळी घशात आंबट, हेही तसंच. मी त्यांचीही दुर्बिणीने तपासणी करते, कारण स्वतःच्या डोळ्यांनी स्क्रीनवर स्वच्छ स्वरयंत्र बघितल्यावर निम्मं दुखणं तिथल्या तिथे जातं.

रक्ताच्या तपासणीचं मात्र सांगून ठेवते. घशाचा कॅन्सर ओळखणारी रक्ताची कोणतीही नेहमीची चाचणी नाही. "फुल बॉडी चेकअप" केलंय आणि सगळं नॉर्मल आहे, याने घोगऱ्या आवाजाबद्दल काहीही कळत नाही.

डॉक्टरकडे गेल्यावर

स्पष्ट शब्दांत सांगा: "आवाज इतक्या आठवड्यांपासून बसलाय, दुर्बिणीने स्वरयंत्र बघायचंय." व्यसनाबद्दल खोटं सांगू नका. सासऱ्यांसमोर सूनबाईला मिश्रीचं बोलायला लाज वाटते, म्हणून मी घरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसवते. डॉक्टर बसवत नसतील तर तुम्ही सांगा.

तपासणी दोन प्रकारे होते. एकात जीभ बाहेर धरून तोंडातून कडक दुर्बीण किंवा छोटा आरसा आत नेतात आणि "ईऽऽ" म्हणायला लावतात. दुसऱ्यात नाकात बधिर करणारा फवारा मारून शेवयासारखी लवचिक दुर्बीण खाली सोडतात. पाच मिनिटांचं काम, उपाशी राहावं लागतं असंही नाही. थोडी ओकारी येते, डोळ्यांत पाणी येतं, बस. गुटख्याने ज्यांचं तोंडच उघडत नाही, स्वतःची तीन बोटं उभी मावत नाहीत, त्यांना नाकातून जाणारी दुर्बीण सोपी पडते. तोंड न उघडणं हा स्वतःच एक धोक्याचा आजार आहे, पण तो विषय वेगळा.

जाता जाता एक गंमत. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट बघायची ही आरशाची पद्धत डॉक्टरने नाही, एका गायनशिक्षकाने रूढ केली. मानुएल गार्सिया त्याचं नाव. 1854 साली त्याने आरशावर ऊन पाडून स्वतःच्याच घशात डोकावलं. गाणाऱ्या माणसाला आपला आवाज कुठून येतो याची उत्सुकता! माझ्या भजनी मंडळींना हे सांगितलं की ते आरसा पाहून घाबरत नाहीत.

काही संशयास्पद दिसलं तर तुकडा काढतात, बहुतेकदा भूल देऊन. सोबत सीटी स्कॅन. इथे एक जुनी हकीकत आठवते. जर्मनीच्या युवराज फ्रेडरिकचा आवाज 1887 च्या सुरुवातीला बसला. इंग्लंडहून मोठा घसातज्ज्ञ आला, त्याने काढलेले तुकडे त्या काळच्या सर्वांत नामांकित विकृतितज्ज्ञाने, रुडॉल्फ फिर्खोने तपासले आणि कॅन्सर नाही असं कळवलं. आजार वाढतच गेला. तो सम्राट झाला आणि 99 दिवसांत, 15 जून 1888 ला, त्याच आजाराने गेला. तुकडा वरवरचा निघाला किंवा बाजूचा निघाला तर आजही रिपोर्ट "कॅन्सर नाही" येऊ शकतो. रिपोर्ट चांगला आला, पण आवाज सुधारत नाही आणि दुर्बिणीत जागा तशीच दिसते, तर परत तुकडा काढावा लागतो. डॉक्टर परत बोलावतात ते पैशांसाठी, असं समजू नका.

निदान झालं, आता कुठे जायचं

आमच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून आहे. तिथेच जायला हवं असं नाही. जिथे कॅन्सरची शस्त्रक्रिया करणारे, रेडिएशनवाले आणि केमोवाले डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, अशी जागा महत्त्वाची. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. लॅबमधून तुकडा ज्यांच्यावर ठेवून तपासला त्या काचा आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते तुमचे आहेत. सीटीची फिल्म आणि सीडीही घ्या. मोठ्या हॉस्पिटलात काचा पुन्हा तपासतात आणि ब्लॉक नसतील तर फेरी वाया जाते. टाटाला जाणाऱ्यांना दादरच्या संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेचा मोठा आधार आहे. कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा, उपचार सुरू झाल्यावर नाही. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते तपासण्या चालू असतानाच दुरुस्त करायला टाका. याच एका कारणाने आठवडे जातात.

उपचार थोडक्यात. लवकर सापडलं तर लेझर किंवा रेडिएशन. रेडिएशन साधारण साडेपाच ते सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, मध्ये खंड न पाडता. "सुगी आहे, आठ दिवस जाऊन येतो" असं चालत नाही, खंड पडला की गुण कमी येतो. सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरला दाखवा आणि काढायचे दात तेव्हाच काढा. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. आजार पुढे गेला असेल तर केमोसोबत रेडिएशन, किंवा शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन.

पूर्ण स्वरयंत्र काढायचं म्हटलं की घरात रडारड होते. "मुका होणार" म्हणतात. स्वरयंत्र काढल्यावर माणूस गळ्याच्या पुढच्या छिद्रातून श्वास घेतो, तो कायमचा. पण तो जेवतो तोंडाने, आणि बोलूही शकतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवतात. छिद्रावर बोट ठेवून हवा आत वळवली की आवाज निघतो, जाडसर पण समजणारा. बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी अशी झडप अगदी स्वस्तात तयार केली. झडप परवडत नसेल तर ढेकरेसारखी हवा वापरून बोलायला शिकता येतं, किंवा गळ्याला लावायचं बॅटरीवरचं यंत्र मिळतं. गळ्यावर छिद्र असलेल्या माणसाने विहिरीत, नदीत उतरायचं नाही, आंघोळीचं पाणी छिद्रात जाऊ द्यायचं नाही, आणि धूळ उडते तिथे ओला पातळ रुमाल गळ्यावर ठेवायचा. मळणीवर असा रुमाल लावून बसलेले माझे एक पेशंट आहेत, मजुरांवर त्या जाडसर आवाजात ओरडतातही.

तंबाखूचं

व्याख्यान देत नाही. तीन गोष्टी सांगते. बिडी साधी म्हणून सुरक्षित नाही. तिचं पान लवकर विझतं, म्हणून ओढणारा जोरात आणि वरचेवर झुरके घेतो आणि तो धूर थेट स्वरयंत्रावरून जातो. तंबाखू आणि दारू सोबत असतील तर धोका बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आणि "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" यात तथ्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. आमच्या एसटी स्टँडसमोर ती कितपत पाळली जाते ते सगळ्यांना माहीत आहे. मिश्री दात घासायला म्हणून चालते, पण तोही भाजलेला तंबाखूच. सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, फोनवर माणूस बोलतो आणि पुढे पाठपुरावाही करतो.

व्यसन नसलेल्यांनाही टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. परदेशात हे प्रमाण मोठं, आपल्याकडे अजून तंबाखूच पुढे. मुलींना गर्भाशयमुखासाठी जी लस देतात, ती याच विषाणूवरची.

उपचार झाल्यावर "बरं वाटतंय" म्हणून फेऱ्या सोडू नका. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी दुर्बीण. मानेला रेडिएशन झालं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी, कारण ती ग्रंथी हळूहळू मंदावते आणि पेशंट मात्र सुस्तीचं खापर कॅन्सरवर फोडत राहतो. बिडी पुन्हा सुरू झाली असेल तर तेही त्या फेरीत सांगा. एकदा घशाचा कॅन्सर झालेल्याला घशात, तोंडात, अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात दुसरा, वेगळा कॅन्सर होऊ शकतो, आणि मग आम्ही त्या जागाही जास्त बारकाईने बघतो.